डबी गळ्यात असताना

रविवारी सकाळची मिस्सा सुटली की पनवेलच्या आमच्या चर्चच्या पायऱ्यांवर नुसता गलका असतो. कोणाला रिक्षा हवी असते, कोणाला वडापाव, कोणाला हरवलेलं पोर. त्या गलक्यातून एक उंच, काटकुळे गृहस्थ गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा फुलशर्ट घालून, काखेत छत्री धरून, कोणाकडेही न बघता चालत यायचे आणि माझ्या स्कूटरपाशी उभे राहायचे. मी म्हणायचे, "जय ख्रिस्त, काका." उत्तर नाही. "आज आधी कुठे जायचं?" उत्तर नाही. मग उजव्या हाताचं एक बोट आभाळाकडे करून ते हवेत गोल गोल फिरवायचे. म्हणजे, उचल आता, निघ.

काका बंदरात क्रेन चालवायचे. उभा जन्म त्या उंच केबिनमध्ये बसून खालच्या माणसाच्या हाताकडे बघण्यात गेला. खालून बोट वर फिरलं की माल वर, बोट खाली फिरलं की माल खाली, आडवा हात हलला की जागच्या जागी थांब. ही भाषा निवृत्तीनंतर वाया जाऊ नये म्हणून की काय, त्यांनी ती माझ्यावर वापरायला काढली होती. सिग्नलला मी जरा जोरात ब्रेक मारला की मागून आडवा हात माझ्या डोळ्यांसमोर यायचा. मी चिडायचे, पण चिडून उपयोग नव्हता, कारण त्यांच्याशी भांडण एकतर्फीच करावं लागे.

कारण होतं त्यांच्या गळ्यातली डबी. जी माणसं आजारी आहेत, अंथरुणाला खिळली आहेत, घराचा उंबरा ओलांडू शकत नाहीत, त्यांना घरी जाऊन कम्युनियन द्यायचं काम आमच्याकडे फादरांच्या जोडीने काही साधी संसारी माणसंही करतात. मिस्सेत पवित्र झालेली ती कागदासारखी पातळ, गोल भाकर एका छोट्या, सोनेरी मुलाम्याच्या डबीत ठेवतात. आमच्या श्रद्धेप्रमाणे ती नुसती भाकर उरलेली नसते, तो खुद्द प्रभू असतो. तेव्हा डबी घेतली की सरळ त्या घरी जायचं, वाटेत भाजी घ्यायची नाही, गप्पा छाटायच्या नाहीत, असा नियम आहे. आम्ही बाकीचे तो बेताबेताने पाळायचो. वाटेत ओळखीचं कोणी भेटलं तर हसायचो, हात करायचो. काकांनी मात्र नियमाला स्वतःचं शेपूट जोडलं होतं. डबी गळ्यात पडल्यापासून आजाऱ्याच्या खाटेपाशी पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. एकही नाही.

बायका आजारी असतील तिथे एकट्या पुरुषाने जाऊ नये म्हणून फादरांनी मला त्यांच्या जोडीला दिलं. मी कामोठ्यात गणिताचे क्लास घेते. दिवसभर बोलून बोलून माझा घसा बसतो, म्हणून रविवारी गप्प माणूस मिळाला याचा मला सुरुवातीला आनंदच झाला. तो परतीच्या वाटेवर संपला. डबी रिकामी झाली की काका जे बोलायला लागायचे ते घराच्या दारापर्यंत. नवा पूल कुठे चुकलाय, कामोठ्यातल्या बिल्डिंगींच्या पाण्याच्या टाक्या का गळतात, बोंबील कसे तळायचे, मी दुसरा गिअर कसा उशिरा टाकते. माझ्या स्कूटरला गिअर नाहीत, हे मी त्यांना कितीदा सांगितलं असेल.

एकदा पळस्प्याच्या पुढे एका आजोबांकडे निघालो होतो. फाट्यावर पोलिसाने अडवलं. काकांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. पोलीस म्हणाला, "काका, हेल्मेट कुठाय?" काकांनी एक हात छातीवर ठेवला, दुसरा ओठांवर, आणि अशा काही नजरेने त्याच्याकडे बघितलं की बिचारा विरघळलाच. "बोलता येत नाय काय? जाऊ द्या मॅडम, वडलांना सांभाळून न्या." मी मान खाली घालून निघाले. परत येताना तोच पोलीस, तोच फाटा, आणि मागच्या सीटवर काका पुलाच्या खांबांबद्दल पोटतिडकीने व्याख्यान देत होते. पोलिसाने शिट्टी मारली. "आता वाचा फुटली वाटतं?" मी शरमेने अर्धी झाले. काका शांतपणे उतरले, दंडाची पावती फाडून घेतली, नीट घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "साहेब, जाताना मी एकटा नव्हतो. आता एकटा आहे, आता माझ्याकडून काय हवं ते घ्या." पोलिसाने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. पुढच्या रविवारी मी माझ्या नवऱ्याचं जुनं हेल्मेट आणलं. काकांनी ते कुरकुरत घातलं, पण छत्री सोडली नाही.

त्यांची काही वाक्यं ठरलेली होती. "आपण कुरिअरवाले. पाकीट पोचवायचं, फोडून बघायचं नाही." हे वाक्य नव्या स्वयंसेवकांना हमखास ऐकावं लागे. दुसरं असं की, आजाऱ्याला "कसं वाटतंय?" विचारायचं नाही. "वाईट वाटतंय म्हणून तर तो झोपलाय. त्याला विचारा, आज काय जेवलात." आणि खरंच, ओवे गावात एक अर्धांगाचे गृहस्थ होते, घरच्यांशी चकार शब्द बोलायचे नाहीत, ते काकांना कोलंबीच्या कालवणात चिंच होती की कोकम यावर मोडक्यातोडक्या शब्दांत भलंमोठं निवेदन द्यायचे. घरातला टीव्ही चालू असला तर काका बोलायचे नाहीत, नुसता आडवा हात हलवत दारात उभे राहायचे. ओव्याच्या त्या घरातली नातवंडं नंतर नंतर काकांची सावली दिसली की पळत जाऊन टीव्ही बंद करायची.

मला हा सगळा प्रकार थोडा नाटकी वाटायचा. एकदा परतीच्या वाटेवर मी तसं बोलूनही दाखवलं. काका थोडा वेळ गप्प बसले, आणि डबी रिकामी असताना ते गप्प बसले म्हणून मी स्कूटर बाजूला घेतली. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांची बायको शेवटचं वर्ष अंथरुणात होती. एका रविवारी कम्युनियन घेऊन एक गृहस्थ आले. आले ते फोनवर बोलतच आले. डबी टेबलावर ठेवली, चहा घेतला आणि नवीन एअरपोर्टमुळे फ्लॅटचे भाव कसे चढणार ते सांगत बसले. "माणूस वाईट नव्हता," काका म्हणाले. "पण माझी बायको तोंड उघडून वाट बघत होती हो. त्याचं बोलणं संपेपर्यंत ती तोंड उघडं ठेवून होती." त्यानंतर मी त्यांना नाटकी म्हटलं नाही.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. चार दिवस ताप आला आणि गेले, कोणाला डबी घेऊन त्यांच्या घरी जायची वेळ आली नाही. ते बरंच झालं, कारण आमच्यापैकी कोणाचंही देणं त्यांच्या पसंतीला उतरलं नसतं. आता त्यांचं नाव निघालं की लोक हेल्मेटची आणि पोलिसाची गोष्ट सांगून हसतात. मीही हसते. मला मात्र आठवते ती कामोठ्याची मावशी आणि तो एक आठवडा, ज्यात काका कधी नव्हे ते घाबरले होते.

मावशी मूळची रेवदंड्याकडची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा-सून कॅनडात. कामोठ्यात पाचव्या मजल्यावर राहायची आणि त्या बिल्डिंगची लिफ्ट चालू बघितलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. आठवडाभर एक बाई कामाला असे, रविवारी तिची सुट्टी. मग रविवारी मावशीचं सगळं, न्हाऊ घालण्यापासून चादर बदलण्यापर्यंत, समोरच्या घरातली वहिनी करायची. वहिनी कामोठे गावातली, आगरी. हाडापेराने दणकट, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर ऐकू यावा. "माज्या दोनी पोरांना पयली अंघोळ हिनंच घातली, मंग आता मी हिला घालते, त्यात काय?" एवढंच तिचं म्हणणं. आम्ही पोचायच्या आत ती मावशीच्या उशाशी स्टुलावर धुतलेला पांढरा रुमाल अंथरून ठेवायची, मेणबत्ती लावायची, क्रूस मधोमध ठेवायची. आम्ही कोणी तिला शिकवलं नव्हतं, तिने बघून बघून ठेवलं होतं. प्रार्थना चालू असली की दारापाशी हात जोडून उभी राहायची.

मावशीचं गिळणं हळूहळू बंद होत चाललं होतं. बोलणंही. काका भाकरीचा अगदी कण मोडायचे, चमच्यात थेंबभर पाण्यात भिजवायचे आणि तिच्या ओठांशी धरून म्हणायचे, "ख्रिस्ताचं शरीर." यावर घेणाऱ्याने "आमेन" म्हणायचं असतं. मावशी आधी आमेन म्हणायची, मग नुसते ओठ हलवायची, मग तेही थांबलं. त्या रविवारी तर तिने दातच उघडले नाहीत. काका वाट बघत बसले. त्यांना घाई करणं ठाऊक नव्हतं. शेवटी कसाबसा एक कण आत गेला असेल नसेल. बाकी अख्खी भाकर काकांच्या चिमटीत राहिली.

अशी उरलेली भाकर देणाऱ्याने स्वतः घ्यायची असते. इकडे तिकडे ठेवायची नाही, कोणाकडे द्यायची नाही. काका उठले, वळले, आणि समोर वहिनी होती. डाव्या हातावर उजवा हात ठेवून, तळवा पुढे करून. देवळात तीर्थ घेताना करतात तसा.

काकांनी भाकर त्या हातावर ठेवली.

वहिनीने मूठ मिटली, कपाळाला लावली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आपल्या घरात गेली. सगळं इतक्या सहज झालं की मला क्षणभर काही वावगं वाटलंच नाही. मग मी काकांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आमच्याकडे कम्युनियन बाप्तिस्मा झालेल्यालाच द्यायचं असतं. हा नियम काका इतक्या कडकपणे पाळायचे की एकदा लग्नाला आलेल्या एका पाहुण्याला रांगेतून त्यांनी हात आडवा करून बाजूला काढलं होतं. आणि आता त्यांनी स्वतःच्या हाताने दिलं होतं. जिना उतरताना ते तेच तेच बोलत होते. "खाली माणूस हात पसरून उभा दिसला, की माल उतरवायचा. जन्मभर तेच केलं. हात आपोआप गेला. ताई, हात आपोआप गेला."

त्याच दुपारी त्यांनी फादरांना जाऊन सांगितलं आणि सेवा सोडतो म्हणाले. फादर वयाने काकांच्या मुलासारखे, पण शांत माणूस. ते म्हणाले, "सोडायचं नंतर बघू. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत. पण त्या बाईंना प्रेमाने समजावून सांगा, की हे आपल्यात असं आहे. नाहीतर पुढच्या रविवारी त्या पुन्हा हात पुढे करतील आणि तुम्ही नाही म्हणाल, ते जास्त लागेल."

फादरांचं बरोबर होतं, आणि तिथेच काका अडकले. आठवडाभर मला त्यांचे फोन. लग्नाआधी माझ्या नवऱ्याने मला इतके फोन केले नव्हते. "ताई, असं म्हटलं तर? वहिनी, तुमच्या मनात श्रद्धा आहे, पण..." मग स्वतःच, "नाही, 'पण' आलं की माणूस पुढचं ऐकत नाही." पुन्हा तासाभराने, "ताई, आमच्या धर्मात दीक्षा असते, असं सुरू केलं तर?" एकदा तर ते चिडूनच बोलले. "जी बाई त्या म्हातारीचं हगणं-मुतणं काढते, तिला मी जाऊन सांगू, की हे तुझ्यासाठी नाही? कोणत्या तोंडाने सांगू? आणि तिला राग आला, तिने यायचं सोडलं, तर रविवारी मावशीला कोण बघणार? मी बघणार?" मी म्हटलं, "मग सांगू नका." "सांगितलं नाही तर मी कसला सेवक," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी संध्याकाळी आम्ही गेलो. डबी न घेता, नुसतं बोलायला. जिना चढताना काका प्रत्येक मजल्यावर थांबत होते. दम लागला म्हणून नाही. वाक्य जुळवत होते.

वहिनीच्या घराचं दार उघडंच होतं. ती मोरीपाशी बसून मांदेली साफ करत होती. आम्हाला बघून हात तसेच ओले घेऊन उठली.

"काका? आज शनवारचेच? बरा जाला आलात. माला तुमाला विचारायचाच होता."

काकांनी घसा साफ केला. "वहिनी, मलाही तुमच्याशी... त्या रविवारी मी तुमच्या हातावर जो..."

"त्याचाच बोलते मी. तो परसाद मावशीला लगेच द्याया पायजे होता काय? माज्याकडून उशीर जाला."

मीच विचारलं, "वहिनी, तो तुम्ही खाल्ला नाहीत?"

"मी?" वहिनी आमच्याकडे अशी बघायला लागली, की आम्हालाच काही झालंय. "मी कशाला खाऊ? मावशीचा होता ना तो. तुमी तिला येवढासाच दिलात, बाकीचा तुमच्या हातातच रायला. मी बोलले, तुमी आता घेऊन जाणार, आन् ही आठवडाभर तशीच रानार. म्हनून हात केला मी. सकालची ती घट्टच असते, दात उघडत नाय. सांजची बरी असते."

"मग?" काकांचा आवाज मला कसाबसा ऐकू आला.

"मंग काय, धुतलेल्या रुमालात गुंडालून तिच्याच उशाशी ठेवला, क्रुसापाशी. सांज जाली, मेनबत्ती लावली. तुमी करता तसा चमच्यात पानी घेतला. येक येक कन मोडला न् दिला. सगला खाल्ला तिनं. रुमालावरचा बारीक पन टिपून घातला, सांडू नाय दिला." मग ती जरा थांबली, आणि तिचा तो दणदणीत आवाज पहिल्यांदाच खाली आला. "तुमी बोलता ते पन बोलले मी. ख्रिस्ताचा शरीर. नाय बोलायचा होता काय?"

काकांनी उघड्या दारातून समोर मावशीच्या दाराकडे बघितलं.

"मावशी बोलली ना पन," वहिनी म्हणाली. "आमेन बोलली. चांगली मोठ्यांदा बोलली. माला वाटला, बरोबर असंल, म्हनून बोलली." तिने ओले हात साडीच्या पदराला घासले. "काका, माजा काय चुकला काय?"

आठवडाभर जमवलेली ती सगळी वाक्यं काकांच्या तोंडात होती. मला माहीत होतं, कारण त्यातलं एक न् एक मी ऐकलं होतं. आता ते सांगतील, या भीतीने मी भिंतीकडे बघायला लागले. असं काही ऐकणं त्या बाईच्या वाट्याला यायला नको होतं, आणि ते काकांशिवाय कोणी सांगणारही नव्हतं.

"हात दाखवा," काका म्हणाले.

"आं?"

"हात. दोन्ही."

वहिनीने गोंधळून हात पुढे केले. आमच्याकडे नवा फादर अभिषेक होऊन वेदीवरून खाली आला, की म्हातारीकोतारी माणसं रांग लावून त्याच्या तळहातांना ओठ लावतात, कारण त्या हातांनी आता प्रभूला धरायचं असतं. काकांनी छत्री भिंतीला टेकवली. ते उंच शरीर हळूहळू वाकलं आणि त्यांनी तिचे दोन्ही तळवे आपल्या डोळ्यांना लावले.

वहिनी केवढ्याने तरी ओरडली. "आवो काका, काय करताव! मच्छीचा वास हाय हाताला!"

काकांनी हात सोडले नाहीत.